बारा तुकडे बर्फ

आमच्या स्वयंपाकघरातला फ्रीज कपाटाएवढा आहे. दोन उभे दरवाजे, डावीकडे फ्रीजर, आणि त्या डाव्या दरवाज्यात एक खोबण. खोबणीतली पट्टी पेल्याने दाबली की वरून बर्फाचे तुकडे पडतात. तीन माणसांच्या घराला असला फ्रीज लागत नाही. मी स्वतः असल्या वस्तूंच्या विरोधात आहे, कारण ज्या यंत्रात भाग जास्त त्यात बिघाड जास्त, हे नागापूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं मेंटेनन्सला काढून मी शिकलोय. तरी तो मीच आणला.

आणला तो वडिलांसाठी. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा शाळेत गणित शिकवायचे. ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्या किडन्या थकल्या आणि मंगळवारी-शुक्रवारी असं आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. लघवी जवळपास बंद झाल्यामुळे पोटात गेलेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत शरीरातच राहतं. म्हणून डॉक्टरांनी दिवसाला सातशे मिलीलीटर ठरवून दिलं. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळ्यांबरोबरचा घोटही आला. त्यापेक्षा जास्त झालं की ते आधी पायांत उतरतं, मग फुप्फुसांत. सुरुवातीच्या दिवसांत एकदा तसं झालं होतं. अण्णा खुर्चीत ताठ बसून, तोंड उघडं टाकून हवा ओढत होते आणि हवा आत जात नव्हती. ते पाहिल्यापासून मी पाण्याला घाबरतो.

तहानेवर उपाय म्हणून बर्फ चघळायला सांगितला होता. तोंड ओलं राहतं आणि पाणी थोडंच जातं. पण जुन्या फ्रीजमधला बर्फाचा ट्रे पिळायला दोन हात लागतात, आणि अण्णांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुईसाठी शीर जोडलेली, त्या हाताला जोर लावायचा नाही. मग प्रत्येक वेळी माझ्या बायकोला हाक मारायची. ऐंशी वर्षांच्या माणसाने बर्फाच्या एका तुकड्यासाठी सुनेला हाक मारायची हे त्यांना आवडत नसे. ते हाक मारायचे नाहीत, कोरडे ओठ घेऊन बसून राहायचे. म्हणून हा फ्रीज. उजव्या हातात पेला धरायचा आणि पट्टी दाबायची.

बसवायला आलेला मेकॅनिक राहात्याकडचा होता. फ्रीजच्या मागे पाण्याची नळी जोडून झाल्यावर त्याने मला बोलावून झडपेचं तोंड दाखवलं. तिथे करंगळीच्या नखाएवढी प्लास्टिकची जाळी होती.

"साहेब, बोरचं पानी लई जड हाय इकडचं," तो म्हणाला. "ही जाळी दर तीन महिन्याला काढून धुवा. न्हाईतर बर्फाला पानी पुरायचं न्हाई."

मी त्याला मी कुठे काम करतो ते सांगितलं. तो बरं म्हणाला आणि हत्यारं आवरून गेला. ती जाळी मी पुढचं दीड वर्ष काढली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

फ्रीज चालू झाल्यावर पहिल्या रविवारी मी दहा तुकडे मापात वितळवले. दीडशे मिली भरले, म्हणजे तुकड्याला पंधरा. चहा, आमटी, ताक, औषधं वजा जाता बर्फाला एकशेऐंशी उरत होते. म्हणजे दिवसाला बारा तुकडे. मी तक्ता छापून आणला आणि चुंबकाने फ्रीजच्या दरवाज्यावर लावला. अण्णांनी तो चष्मा लावून पाहिला, बेरीज तपासली आणि मान हलवली. तेव्हापासून ते एक तुकडा घेतला की पेन्सिलीने एक उभी रेघ मारत, आणि पाचव्याला चार रेघांवर आडवी. रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की आधी तक्ता बघायचो, मग बूट काढायचो.

साधारण वर्षभर सगळं सुरळीत चाललं. नंतर अण्णांचं वजन वाढायला लागलं.

डायलिसिसला मशीनवर घेण्याआधी वजन करतात. दोन वेळांच्या मधे दोन-अडीच किलो वाढलं तर चालतं, कारण तेवढं पाणी यंत्र काढून घेतं. अण्णांची वाढ तीनवर गेली, मग साडेतीनवर, मग चारला टेकली. जास्त पाणी काढायचं म्हणजे रक्तदाब पडतो, पोटऱ्यांत गोळे येतात. गोळे आले की अण्णा डोळे मिटून पाढे म्हणत. एकोणतीसचा पाढा ऐकू आला की फार दुखतंय असं मी समजायचो. तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका पाणी पितायत. तुम्ही लक्ष द्या. असंच राहिलं तर एक दिवस रात्रीतून आणावं लागेल."

घरी येऊन मी तक्ता पाहिला. रोज बाराच रेघा. मग फ्रीजर उघडून बर्फाचा डबा पाहिला. एरवी काठापर्यंत भरलेला असायचा, तो अर्ध्याच्या खाली होता.

माझ्या धंद्यात असं शिकवतात की माल कमी पडला तर एकतर यंत्र कमी काढतंय किंवा कुणीतरी नेतंय. मी यंत्र तपासलं. बर्फ करणाऱ्या खोक्याखाली चाचणीचं बटण असतं, ते दाबून धरलं. साचा उलटा झाला, आठ तुकडे डब्यात पडले, साचा सरळ झाला आणि पाणी भरल्याचा आवाज आला. दोन तासांनी परत पाहिलं, आणखी आठ. तुकडे खाली ढकलणारा स्क्रू फिरत होता, खोबणीवरची झडप नीट मिटत होती, दरवाज्याचं रबर कागद ओढून पाहिलं तर घट्ट होतं. यंत्र चालू होतं. राहिला दुसरा पर्याय.

बायको म्हणाली, "अण्णा खोट्या रेघा मारणार नाहीत."

"मग बर्फ कुठे जातोय?"

"ते मला माहीत नाही. पण हल्ली तर ते संध्याही करतात."

ते खरं होतं. उभ्या जन्मात सवडीअभावी संध्या न केलेल्या अण्णांनी मधे कधीतरी माळ्यावरून ताम्हन, पळी आणि पंचपात्र काढायला लावलं होतं. सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून, पुढ्यात स्टूल घेऊन ते संध्या करत. पूर्वेकडे तोंड करायचं तर आमच्या स्वयंपाकघरात पूर्वेला फ्रीज येतो. अण्णा फ्रीजला अर्घ्य देतात म्हणून आम्ही दोघं हसायचोही. आजारपणात देव आठवतो, यात नवल काही नव्हतं. पण संध्या करणारा माणूस तहानेला बळी पडत नाही असंही कुठे लिहिलेलं नाही, असं मी बायकोला सांगितलं.

त्या फ्रीजला लहान मुलांसाठी कुलूप आहे. बाहेरचं एक बटण तीन सेकंद दाबून धरलं की कुलपाचं छोटं चित्र लागतं आणि मग पट्टी कितीही दाबा, काही पडत नाही. शुक्रवारी डायलिसिसहून आल्यावर अण्णा झोपलेले असताना मी ते बटण दाबलं.

शनिवारी सकाळी त्यांनी पेला लावला. एकदा, दोनदा. मग खोबणीत डोकावून पाहिलं.

"हे बिघडलंय वाटतं रे," ते म्हणाले.

"हो. पार्ट मागवलाय," मी म्हणालो. "तोवर आम्ही वाटीत काढून देत जाऊ."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि पेला पालथा घालून ठेवला.

माझ्या बापाशी मी याआधी खोटं बोललो होतो, पण ते शाळेच्या वयात. आता पंचावन्नाव्या वर्षी बोलताना काही वाटलं नाही. मला वाटलं होतं मी त्यांचा जीव वाचवतोय. पुढचे तीन दिवस फ्रीजरचा जड दरवाजा, जो अण्णांना एका हाताने उघडत नसे, तो उघडून, डब्यात हात घालून आम्ही दोघं तुकडे मोजून देत होतो. अण्णा वाटी घेत आणि रेघ मारत. मंगळवारी वजन केलं. वाढ तीन किलो नऊशे.

कुलूप लावूनही वजन तेवढंच. म्हणजे बर्फ चोरला जात नव्हता. चोराला सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसं झालं होतं, आणि चोर अजून सापडायचा होता.

त्याच संध्याकाळी वाटी भरताना एक तुकडा माझ्या बोटांत मोडला. बर्फ असा मोडत नाही. मी दुसरा उचलून ट्यूबलाईटसमोर धरला. आत पोकळ होता, वर नुसतं कवच. सगळेच तसे. पीठ मोजायच्या काट्यावर दहा तुकडे ठेवले, पंच्याहत्तर ग्रॅम भरले. मी तुकडे मोजले होते, पण पहिल्या रविवारनंतर त्यांचं वजन एकदाही केलं नव्हतं. कारखान्यात माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याला अख्ख्या शॉपसमोर झापलं असतं.

बुधवारी फ्रीज पुढे ओढला, पाण्याचा कॉक बंद केला, नळी सोडवून झडपेतली जाळी काढली. ती जाळी राहिलीच नव्हती, खडूचा तुकडा झाला होता. पांढरा थर नखानेही निघेना. गरम पाण्यात लिंबूसत्त्व घालून रात्रभर भिजत ठेवली, फिल्टर बदलला. साच्यात अर्धंच पाणी पोचत होतं, म्हणून तुकडे पोकळ. पोकळ तुकडे स्क्रूमध्ये भरडून त्यांचा भुगा होत होता, म्हणून डबा रिकामा. बिघाड सरळ होता. राहात्याच्या माणसाने तो मला पहिल्याच दिवशी बोटाने दाखवला होता.

नंतर मी बसून जे मोजलं त्याने मला बरं वाटलं नाही. गेले कित्येक महिने अण्णांच्या बारा तुकड्यांत एकशेऐंशीऐवजी नव्वदच मिली जात होतं. हक्काचं निम्मं पाणी मी त्यांना देत नव्हतो, वर तक्ता लावून त्यांच्याकडून सही घेतल्यासारख्या रेघा मारून घेत होतो. आणि निम्मं पाणी पिऊन त्यांचं वजन दीड किलोने जास्त वाढत होतं. हे गणित सुटत नव्हतं.

ते रविवारी सुटलं. जाळी बसवून, नळी जोडून मी फ्रीजच्या मागे जमिनीवर बसलो होतो, मागचा पत्रा आवळत. बायको बाजारात गेली होती. अण्णा आंघोळ करून आले, खुर्चीत बसले, आणि संध्या सुरू झाली. मी मागे आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मला फ्रीज आणि भिंत यांच्या फटीतून त्यांचा गळा, उजवा हात, स्टूल आणि ताम्हन दिसत होतं.

आचमनात देवाची चोवीस नावं असतात. पहिल्या तीन नावांना तळहातावर पळीभर पाणी घेऊन प्यायचं. चौथ्याला ते ताम्हनात सोडायचं. पुढच्या नावांना पाणी नाही, नुसता अंगाला हात लावायचा. माझी मुंज कोल्हारला झाली तेव्हा अण्णांनीच मला समोर बसवून हे शिकवलं होतं, आणि मी चौथी पळी प्यायलो म्हणून डोक्यात टपली मारली होती.

तीन नावं झाली. चौथं नाव झालं, आणि ताम्हनात पाणी पडल्याचा आवाज आला नाही. पाचव्याला पळी पुन्हा पंचपात्रात गेली. सहाव्यालाही. अण्णा एकेक नाव सावकाश, स्पष्ट म्हणत होते आणि प्रत्येक नावाला पळीभर पाणी पीत होते. प्रत्येक घोटाला त्यांचा गळा वरखाली होताना दिसत होता. चोवीस झाल्यावर थोडं थांबून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ताम्हन कोरडं ठणठणीत होतं.

मी स्क्रूड्रायव्हर धरून तसाच बसलो होतो आणि, माझा स्वभावच मेला असला, मनात पळ्या मोजत होतो. पळीत पाच मिली. चोवीस पळ्यांचे एकशेवीस, दोन आचमनांचे दोनशेचाळीस, सकाळ-संध्याकाळचे चारशेऐंशी. तीन दिवसांचे दीड किलोला थोडे कमी. गणित सुटलं होतं. ते सुटल्याचा आनंद मला क्षणभर झाला हेही सांगून टाकतो. मग लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी बाहेर आलो. अण्णांनी पळी खाली ठेवली.

"किती वेळ आहेस मागे?"

"पहिल्यापासून."

त्यांनी पंचपात्र पुढे ओढलं. त्यात तळाला थोडं पाणी होतं.

"चौथी सोडायची असते," ते म्हणाले. "माहितेय मला."

"अण्णा, फ्रीज बिघडला नव्हता. कुलूप मी लावलं होतं."

"ते दिसतंय की रे. चित्र काढलंय कुलपाचं. मला वाचता येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतोस का ते बघत होतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी त्यांना पोकळ तुकड्यांचं सांगितलं, जाळीचं सांगितलं, नव्वद मिलीचं सांगितलं. त्यांनी ते सगळं शांतपणे, एखाद्या मुलाचं उत्तर तपासावं तसं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तरीच म्हटलं, हल्ली तोंडात टिकत का नाही. वाटलं, आपलाच जीव हावरा झालाय."

"मला सांगायचं होतं ना."

"काय सांगायचं? तक्त्यात बारा होते, बारा मिळत होते. तुला खरं सांगू? बर्फ पुरा असता तरी मी हे केलं असतं. दोन वर्षं मी नुसतं चघळतोय. तोंड ओलं होतं, घशाखाली काही जात नाही. गोळी घ्यायला तू घोट देतोस, तो गोळीबरोबरच संपतो. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणतात, इथे ताकही मोजून. देवाच्या नावाने पळी घेतली की ती तुमच्या तक्त्यात नव्हती. तेवढंच माझं स्वतःचं पाणी."

सिस्टर काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलं. रात्रीतून न्यावं लागेल हेही सांगितलं. ते म्हणाले, "मला कळतं. छातीवर दगड येतो तो मलाच येतो, तुला नाही. बंद करतो. पण एक कर. तुमच्या सातशेत बसवून मला एकदा पेलाभर पाणी दे. चोखायला नको, पळीने नको. प्यायला दे."

मंगळवारी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एकूण तेवढंच राहू दे, कसं द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. हे इतकं सोपं होतं, आणि दोन वर्षांत आम्हा कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. घरी येऊन मी बर्फाचे एकशेऐंशी घेतले, ताकातले थोडे काढले आणि दोनशेचा पेला बसवला. अण्णांनी स्वतः चहाची एक खेप सोडली, मग अडीचशे झाले. संध्या त्यांनी सोडली नाही, पण आता चौथी पळी ताम्हनात पडते.

फ्रीजचं काम उत्तम झालंय. तुकडे काचेसारखे भरीव पडतात, दर तीन महिन्यांनी मी जाळी धुतो, डबा काठोकाठ असतो. त्याला आता कुणी फारसं हात लावत नाही. कुलूप काढून टाकलंय.

पहिला पेला दिला तो डॉक्टरांना विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या बुधवारी दुपारी सुट्टी टाकून मी घरी थांबलो होतो. अण्णा म्हणाले, "फ्रीजचं नको, माठातलं दे." स्टीलचा पेला मापाने भरला, अडीचशे, काठाला बोटभर कमी. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, डाव्या हाताला जोर नको हे मी सांगणार होतो, पण गप्प राहिलो. ते उभे राहिले. पाणी बसून प्यावं असं आयुष्यभर आम्हाला सांगणारा माणूस उभा राहिला आणि मान मागे टाकून मधे न थांबता प्यायला लागला. घटाघट आवाज येत होता. हनुवटीवरून एक ओघळ सदऱ्यावर उतरला, तो त्यांनी पुसला नाही. पेला संपल्यावरही त्यांनी तो काही वेळ तोंडाला तसाच उपडा धरून ठेवला.

मग पेला माझ्याकडे दिला. माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला होता, तो मी मागे घेतला. दोन वर्षांत मी त्यांना वजन विचारलं होतं, रेघा विचारल्या होत्या, पायाची सूज दाबून पाहिली होती. एक गोष्ट कधी विचारली नव्हती. ती विचारली.

"अण्णा, तहान भागली का?"

"नाही रे," ते म्हणाले. "पण पाणी प्यायलो."